रस्ता रिकामा दिसतो म्हणजे रिकामा असतो का?

टायरवाला_पुणे | रविवार, रात्री १०.२०

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. आज दुपारी एका मुलाची गाडी दुकानात आली, तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकतो.

माझं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. अठरा वर्षं झाली. गाड्यांचं वेड शाळेपासूनचं. दमदार इंजिनाची गाडी दुकानात शिरली की आजही हातातलं काम बाजूला ठेवून बाहेर येतो. त्यामुळे मी वेगाचा किंवा गाड्यांचा शत्रू आहे असं कृपया कुणी समजू नका.

आजची गाडी दोन लिटर टर्बोची जर्मन सेडान होती. रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली, एक्झॉस्टही बदललेला. मुलगा बावीस-तेवीसचा, बोलायला नम्र. तक्रार एवढीच की स्टिअरिंग थोडं डावीकडे ओढतंय. गाडी वर घेतली तर डाव्या पुढच्या टायरच्या साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटले की असा फुगा येतो. त्या जागी टायरला फक्त रबराचाच आधार उरलेला असतो. मागचे दोन टायर नंतर घातलेले, स्वस्तातले, एच रेटिंगचे. म्हणजे टायर चांगल्या स्थितीत असेल, हवा बरोबर असेल, तर २१० पर्यंत. मूळ टायर वाय रेटिंगचे होते, ३०० पर्यंतचे. मी विचारलं, गाडी पळवतोस का? म्हणाला, "काका, परवा रात्री एक्सप्रेसवेला २१० ला नेली. एकदम स्टेबल होती. आत काही जाणवतच नाही."

काही जाणवतच नाही, हे त्यानं कौतुकानं सांगितलं. मला मात्र त्याच वाक्यानं अकरा-बारा वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

एका नातेवाइकाची नवी गाडी घेऊन मी साताऱ्याला चाललो होतो. खंबाटकी घाट उतरलो, वेळे गाव मागे टाकलं. नुकतं उजाडलं होतं. रस्ता मोकळा. गाडी अशी की १२० आणि १७० मध्ये आत बसून फरक कळत नव्हता. काचा बंद, गाणी चालू. काटा १७० ला. सुरूरच्या अलीकडे डिव्हायडरपाशी एक बाई उभी होती, एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हाताला सहा-सात वर्षांचं पोर. तिनं माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, मला आजही आठवतंय. आणि पाऊल टाकलं.

मी ब्रेकवर उभाच राहिलो. पायाखाली एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, थडथडत होती. तिनं पोराला दंडाला धरून मागे ओढलं, किटली पडली, आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेलो, तेव्हाही गाडी शंभरच्या आसपास असावी. पुढे गाडी थांबवून मी मागे चालत आलो. माफी मागायची होती, पण तोंडातून शब्द फुटेना. ती माउली रागावलीही नाही. रस्त्यावर सांडलेल्या दुधाकडे बघत एवढंच म्हणाली, "लई लांब हुता की वो तुमी."

तिचं बरोबर होतं. मी लांबच होतो. नंतर कागदावर हिशेब मांडला. पोराला धरून आमच्या बाजूचा रस्ता ओलांडायला तिला नऊ सेकंद तरी लागणार. ८० नं येणारी गाडी नऊ सेकंदांत २०० मीटर येते. मी ४२५ मीटर येत होतो. तिनं आयुष्यभर ज्या गाड्या पाहिल्या, त्यांच्या हिशेबानं तिचा अंदाज अचूक होता. खोटा मी होतो.

आता थांबण्याचा हिशेब. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरू, रस्ता कोरडा आणि टायर उत्तम धरू. १०० च्या वेगात पूर्ण थांबायला साधारण ९१ मीटर लागतात. १६० ला १९३ मीटर. २०० ला २८० मीटर. पण मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच आकड्यानं. दोन गाड्या शेजारी शेजारी, एक १०० ला, दुसरी १६० ला. दोघांनाही एकाच क्षणी समोर माणूस दिसला, दोघांनीही तितक्याच चपळाईनं ब्रेक मारला. पहिली गाडी ९१ मीटरवर थांबली. त्याच जागी दुसरीचा वेग किती असेल? १४४. पहिली जिथे थांबते, तिथे दुसरीचा वेग कमी व्हायला नुकती सुरुवात झालेली असते.

पूर्वी गाडीच ड्रायव्हरला आवरत होती. मारुती ८०० ला ३७ हॉर्सपॉवर, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. नव्वदच्या पुढे गेली की स्टिअरिंग, दरवाजे, डॅशबोर्ड सगळं थरथरायचं. भीती वाटायची, आणि ती योग्य वेळी वाटायची. आजच्या गाडीत ती भीती काढून टाकण्यासाठीच सगळी अभियांत्रिकी खर्ची पडली आहे. वेग आत बसलेल्याला कळत नाही. तो फक्त बाहेर उभ्या असलेल्याला भोगावा लागतो. वजनही बघा. सव्वादोन टनांच्या जवळपासची गाडी १६० ला जात असेल, तर ८० नं जाणाऱ्या त्या मारुतीच्या तेरा-चौदा पट ऊर्जा तिच्यात असते.

त्या मुलाला मी फुगा आलेला टायर घालून जाऊ दिलं नाही. स्टेपनी बसवून पाठवला. पण २१० बद्दल काय बोलावं ते मला सुचलं नाही. तुमचे अनुभव लिहा.

ट्विनटर्बो | रविवार, रात्री ११.४५

दादा, लेख मनापासून आहे, म्हणून मीही मनापासून लिहितो. माझ्याकडे गेली सहा वर्षं तीनशे हॉर्सपॉवरच्या वरची गाडी आहे. टायर कायम कंपनीचेच, ब्रेक फ्लुइड दर वर्षी बदलतो. गावातून, शाळेजवळून, घाटात मी कधी पळवत नाही. पण पहाटे दोनला एक्सप्रेसवे रिकामा असताना १८० ला गेलो तर मी कुणाचं काय बिघडवतो?

आणि प्रत्येक वेळी वेगावर खापर फोडलं की बाकीचे सुटतात. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. तीन लेनचा रस्ता पुलापाशी दोन लेनचा होतो आणि कठडा सरळ लेनच्या तोंडाशी येतो. ब्रेक मारल्यावरही आदळताना वेग ८९ होता, असं गाडीच्या कंपनीनं पोलिसांना सांगितल्याचं छापून आलं होतं. ८९ हा काही शर्यतीचा वेग नाही. मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता. तिथे रस्ता बांधणाऱ्याचा दोष नाही का? उलट्या दिशेनं येणारे, दिवा-रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, लेन सोडून कुठेही घुसणारे डंपर, यांच्यावर धागा कधी निघणार?

लालपरी_निवृत्त | सोमवार, सकाळी ६.१०

ट्विनटर्बो साहेब, मी तुम्हाला दुसऱ्या बाजूनं सांगतो. एकतीस वर्षं एसटी चालवली. शेवटची नऊ वर्षं मुंबई-पुणे. माझ्या हातून एकही जीव गेला नाही, ही पांडुरंगाची कृपा.

बसला गव्हर्नर असतो, ऐंशीच्या पुढे जात नाही. पुढे ट्रक चढावर रेंगाळतोय, मला लेन बदलायची आहे. मी आरसा बघतो. रिकामा. इंडिकेटर देतो, परत आरसा बघतो, हळूहळू बस बाहेर काढतो. बारा टनांची बस झटक्यात नेता येत नाही, मागे चाळीस माणसं असतात, कुणाच्या मांडीवर लेकरू असतं. या सगळ्याला पाच सेकंद लागतात. तुम्ही १८० ला असाल तर पाच सेकंदांत माझ्या बसच्या १४० मीटर जवळ येता. मी आरसा बघितला तेव्हा तुम्ही वळणाच्या पलीकडे होता, किंवा दूरवर बारीक ठिपका होता. आरशात गाडी आहे त्यापेक्षा लांबच दिसते. रात्री तर फक्त दोन दिवे. ते दिवे ऐंशीचे की एकशेऐंशीचे, हे दोन दिव्यांवरून कुणाला कळतं सांगा.

मग मागून डिपरवर डिपर, हॉर्न, आणि ओव्हरटेक करताना खिडकीतून शिव्या. मी नियमानं चालवत होतो. आरसा बघून चालवत होतो.

तुम्ही म्हणता रस्ता रिकामा. साहेब, पहाटे दोनला त्या रस्त्यावर कोण असतं ते मी बघितलेलं आहे. डाव्या कडेला बंद पडलेला ट्रक, मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवलेली. टायर बदलणारा क्लीनर. लघवीला उतरलेला माणूस. डिव्हायडरमधल्या झाडांना पाणी घालणारा टँकर. कुत्री. ही सगळी माणसंच आहेत, फक्त त्यांना दिवे नसतात.

टायरवाला_पुणे | सोमवार, सकाळी ९.०५

काका, नमस्कार. तुम्ही लिहिलंत ते मला कधी सुचलं नसतं.

ट्विनटर्बो, रस्त्याच्या दोषाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. चारोटीचा पूल, अपुऱ्या सूचना, मागच्या सीटचा पट्टा, सगळं मान्य. पण रस्ता असा आहे हे आपल्याला ठाऊक आहे ना? उसाच्या हंगामात बिनदिव्याची ट्रॉली असणार हे ठाऊक असून १६० ला जायचं, हे मला पटत नाही. डिपर खाली असेल तर दिव्याचा उजेड पन्नास-साठ मीटर पुरतो. म्हणजे उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबायचं तर १०० सुद्धा जास्तच आहे. त्यापुढचा प्रत्येक किलोमीटर आपण न दिसणाऱ्या रस्त्यावर विश्वास टाकून चालवतो.

टायरबद्दल एक सांगून ठेवतो, कारण चांगल्या गाड्यांचे मालक इथंच फसतात. साइडवॉलवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खोल नक्षी शिल्लक असली तरी रबर जुनं होऊन कडक होतं. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या, वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे टायर दिसायला नवे असतात. हॉलिवूडचा नट पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ ला गेला. ती पोर्शे कॅरेरा जीटी होती, सहाशेच्या वर हॉर्सपॉवरची, स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसलेली. ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर वेग ८० ते ९३ मैल होता असं तपासात निघालं, आणि टायर नऊ वर्षांचे होते. तो गाडी चालवत नव्हता, शेजारी बसला होता.

श्टुटगार्टहून_माधवी | सोमवार, दुपारी ३.३०

या विषयावर कुणीतरी "पण जर्मनीत तर मर्यादाच नाही" म्हणतं, म्हणून आधीच लिहिते. इथं येऊन चौदा वर्षं झाली, नवऱ्याची नोकरीच गाड्यांच्या कारखान्यात.

ऑटोबानच्या, म्हणजे इथल्या एक्सप्रेसवेच्या, साधारण ७० टक्के लांबीवर कायमची वेगमर्यादा नाही, हे खरं. पण १३० हा शिफारस केलेला वेग १९७८ पासून आहे, आणि १९९२ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं सांगितलं की त्याहून वेगात असताना अपघात झाला, तर चूक दुसऱ्याची असली तरी नुकसानीचा काही वाटा तुमच्यावर येऊ शकतो. म्हणजे काकांसारखा एखादा लेन बदलणारा चुकला, तरी २०० नं येणारा पूर्ण निर्दोष ठरत नाही.

मला लायसन्स काढताना वेगळ्या फेऱ्या सक्तीच्या होत्या. पाच गावाबाहेरच्या रस्त्यांवर, चार ऑटोबानवर, तीन रात्रीच्या. पहिल्याच दिवशी शिक्षकानं शिकवलं, इथं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही आणि काम झालं की डावी लेन सोडायची. ऑटोबानवर पायी माणूस नाही, दुचाकीवर दूध घालणारा नाही, मधून ओलांडणं नाही, गुरं नाहीत. एवढं असूनही लोक मरतात. २००३ मध्ये कार्ल्सरूहजवळ एका शक्तिशाली गाडीचा चालक दोनशेच्या वर वेगात एका छोट्या गाडीच्या मागे चिकटला. तिच्यातली तरुणी घाबरून बाजूला झाली, ताबा सुटला, ती आणि तिची दोन वर्षांची मुलगी गेल्या. गाडीला गाडी लागल्याचं निष्पन्नही झालं नव्हतं, तरी त्याला शिक्षा झाली.

आणि १ फेब्रुवारी २०१६ ची बर्लिनची घटना. भर शहरात दोघांनी मध्यरात्रीनंतर शर्यत लावली, लाल सिग्नल तोडत, १६० च्या आसपास. हिरव्या सिग्नलवरून निघालेला ६९ वर्षांचा माणूस जागच्या जागी गेला. मुख्य आरोपीला खुनाची शिक्षा झाली आणि २०२० मध्ये ती कायम झाली. दरम्यान २०१७ मध्ये कायदा बदलून रस्त्यावरची शर्यत हाच गुन्हा केला. एकट्यानं जास्तीत जास्त वेग गाठायला बेदरकारपणे गाडी पळवली, तरी तो त्याच कलमात येतो. शर्यतीला दुसरा भिडू लागत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली.

ट्विनटर्बो | सोमवार, रात्री १०.१५

काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. आरशाची गोष्ट मी कधी त्या बाजूनं पाहिली नव्हती. बसनं लेन बदलली की मी कायम "याला दिसत नाही का" म्हणत आलो. माफ करा काका.

पण एक अडचण समजून घ्या. ज्याला वेगाची हौस आहे त्यानं जायचं कुठे? कोइम्बतूरचा कारी ट्रॅक, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. आपल्या माणसाला सगळं हजार किलोमीटरच्या आसपास किंवा पुढे. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा भरल्या आहेत, तेवढंच. शोरूमवाला ३०० चा काटा दाखवून गाडी विकतो आणि बाहेर ८० चा बोर्ड. मी दोन वर्षांपूर्वी कोइम्बतूरला ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायला, गेलो होतो. तिथं पाचव्या फेरीतच ब्रेक फेड झाले, पेडल मऊ पडून खाली गेलं. ट्रॅकबाहेर मोकळी जागा होती म्हणून वाचलो. रस्त्यावर सहा वर्षांत मला माझ्या ब्रेकची ती बाजू दिसलीच नव्हती. हे लिहिता लिहिता कळतंय की हा मुद्दा तुमच्याच बाजूचा आहे.

फोंडेकर | मंगळवार, सकाळी ८.००

गोंयातून. बाणस्तारीच्या पुलावर ६ ऑगस्ट २०२३ ला मर्सिडीजनं तिघांना नेलं. आमच्या रोजच्या वाटेवरचा पूल. लोक रविवारी संध्याकाळी घरी परतत होते. त्यानंतर त्या पुलावर आलो की माझी आई पदर तोंडाला लावते. बाकी लिहवत नाही.

रात्रपाळी_सिस्टर | मंगळवार, दुपारी २.२०

अपघात विभागात परिचारिका आहे, अकरा वर्षं. रुग्णांबद्दल काही लिहिणार नाही, पण शरीराबद्दल लिहू शकते.

लोक विचारतात, एअरबॅग उघडल्या, पट्टा होता, गाडीला पाच तारे, मग कसा गेला? गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅप चाचणीतली समोरची धडक ६४ च्या वेगानं घेतात. ते पाच तारे ६४ चे आहेत. १२८ ला ऊर्जा चौपट होते, १६० ला सव्वासहा पट. गाडी थांबते, पट्टा छाती थांबवतो, पण छातीच्या आतलं हृदय पुढे जातच राहतं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी एका ठिकाणी मणक्याला जखडलेली असते, आणि ती नेमकी तिथे फाटते. बाहेरून एक ओरखडा नसतो. नातेवाईक म्हणतात, "आत्ता तर बोलत होता." त्यांना समजावणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे.

पायी माणसाला तर पट्टाही नाही. गाडीच्या समोरच्या भागाची धडक ५० ऐवजी ६५ नं बसली, तर मरण्याचा धोका साडेचार पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फक्त पंधरानं वाढला वेग. इथं आपण १८० आणि २१० बोलतोय.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालात त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंपुढे अतिवेग हे कारण लिहिलं आहे. सगळ्या काही महागड्या गाड्या नव्हेत, दुचाकी, टेम्पो, सगळंच आलं. पण दमदार गाडीनं उडवलेल्यांना आमच्यापर्यंत बहुतेक वेळा पोचताच येत नाही. ते थेट शवागारात जातात.

कोर्टाची_पायरी | मंगळवार, रात्री ९.४०

मोटार अपघात दावे लढवतो. थोडक्यात लिहितो.

अतिवेगाला कारसाठी दंड १,००० ते २,००० रुपये, मोटार वाहन कायद्याचं कलम १८३. महागड्या गाडीच्या मालकाला तो टोलसारखाच वाटतो. कलम १८९, रस्त्यावरची शर्यत किंवा वेगाची चाचणी, पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत. पूर्वी दोनच होती.

आता पालकांसाठी. अल्पवयीन मुलानं चालवताना गुन्हा झाला तर मोटार वाहन कायद्याच्याच कलम १९९-अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात जे झालं, ते पुण्यात कुणी विसरलेलं नाही. सतरा वर्षांचा मुलगा, नोंदणी न झालेली पोर्शे टायकन, मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर. तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घालून जामीन झाला तेव्हा माझ्या ऑफिसातला शिपाई रडला होता. त्याचा मुलगाही त्याच वयाचा, रात्री उशिरा दुचाकीवर घरी येणारा.

रिमॅपवाल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बनावटीत बदल करता येत नाहीत, आणि विम्याच्या कागदावर शर्यत व वेगाची चाचणी वगळलेली असते. गाडीच्या दुरुस्तीचे पैसे तर अडकतातच, कधी कधी मृताच्या घरच्यांना दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करते. घर विकायची वेळ आलेली मी पाहिली आहे.

चिंचवडची_आई | बुधवार, सकाळी ११.००

मी इथं फक्त वाचते, कधी लिहीत नाही. माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. गाडी त्याची नाही, मित्राची आहे, अशीच मोठी. रात्री तीन-चार जण लोणावळ्यापर्यंत जाऊन येतात. मी ओरडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. म्हणतो, "आई, तो भारी चालवतो, तुला गाड्यांतलं कळत नाही." खरंच कळत नाही मला. हा सगळा धागा त्याला पाठवला. त्यानं उघडून पाहिलेलाही नाही. मला कुणीतरी सांगा, नेमकं काय बोलू?

टायरवाला_पुणे | बुधवार, दुपारी १.१५

ताई, आकडे सांगू नका, मलाही आकड्यांनी कळलं नव्हतं. त्याला घेऊन रविवारी सकाळी दुकानात या, चहा घेऊ. माझ्याकडे पन्नास मीटरचा टेप आहे. जवळच्या मोकळ्या मैदानालगत सरळ रस्ता आहे, सकाळी तिथं फक्त चालायला येणारे असतात. त्याला काही शिकवायचं नाही. टेपचं एक टोक त्यानं धरायचं, दुसरं तुम्ही. आधी ९१ मीटर, मग १९३.

ट्विनटर्बो, जमलं तर तुम्हीही या. त्याच्या वयाच्या मुलाला माझ्यापेक्षा तुमचं ऐकावंसं वाटेल.

ट्विनटर्बो | बुधवार, दुपारी १.५०

येतो. गाडी आणत नाही, बसनं येतो.

चिंचवडची_आई | रविवार, दुपारी १२.३०

आत्ताच घरी आलो. टायरवाला दादा, तुमचे आणि ट्विनटर्बो यांचे आभार कसे मानू.

मुलगा कुरकुरत आला होता. ट्विनटर्बो यांनी त्याला त्यांच्या ब्रेकची गोष्ट सांगितली, ती मात्र त्यानं कान देऊन ऐकली. मग टेप. मी एका झाडापाशी उभी राहिले, तो टेपचं टोक धरून चालत गेला. पन्नास झाले की दादा खडूनं खूण करायचे, मी त्या खुणेवर टेप धरायचा, तो पुढे. ९१ ला थांबला, मागे वळून हात केला. मी परत झाडापाशी जाऊन उभी राहिले. मग पुढे गेला, आणखी पुढे. मला वाटलं आता थांबेल, तरी चालतच होता. १९३ ला दादांनी हात वर केला तेव्हा तो मला बोटाएवढा दिसत होता.

तिथं तो बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा मी विचारलं, एवढा वेळ काय बघत होतास? म्हणाला, "तू माझ्याकडे बघतेस की दुसरीकडे, ते तिथून कळत नव्हतं."